छायानंद महाराजांची पांढरी नागीण

भगवंतरावांच्या जिनिंगमधल्या मोठ्या शेडात त्या गुरुवारी कापसाच्या ढिगांवरसुद्धा माणसं बसली होती. एरवी ढिगावर कुणी पाय ठेवला तर भगवंतराव त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आज मात्र ते स्वतःच हात जोडून "बसा जी, बसा, जागा आपलीच आहे" म्हणत फिरत होते. कारण आज फोटो वाटायचे होते. मागच्या गुरुवारी छायानंद महाराजांनी काढलेले रंगीत फोटो नागपूरहून धुऊन आले होते, आणि कुणाच्या अंगावर किती देव उतरले ते आज साऱ्या पांढुर्ण्याला कळणार होतं.

महाराज गादीवर टेकले. रेशमी भगवा झगा, बोटाबोटांत अंगठ्या, तेलानं चोपडलेल्या जटा. पण लोकांचे डोळे महाराजांवर नव्हतेच. ते होते समोरच्या मखमली उशीवर. तिथं हार घालून, कुंकू लावून एक कॅमेरा बसवला होता. काळा, चपटा, साबणाच्या पेटीएवढा.

"भक्तहो!" महाराजांनी आवाज लावला. "तुमच्या बाजारातला फोटोवाला काय करतो? एक डोळा मिटतो, चक्री फिरवतो, हलू नका म्हणतो. काहून? तर त्याचं यंत्र आंधळं आहे! आणि हे? हे स्वतः बघतं. स्वतः ठरवतं. अंधार पडला तर स्वतःची वीज पाडतं. फोटो झाला की आतली रीळ आपोआप पुढं सरकते. हात नाही, पाय नाही, तरी काम करतं. मग सांगा, त्याच्यात कोण बसलंय?"

"देव!" शेड दणाणलं.

खरं तर त्याच्यात दोन पेन्सिल सेल बसले होते. पण ते सांगायला तिथं कुणी नव्हतं, आणि असतं तर त्याला चपलांनी मारलं असतं.

मग फोटो वाटप सुरू झालं. ज्याच्या त्याच्या फोटोत, डोक्याच्या आजूबाजूला, खांद्यावर, हवेत, पांढुरके गोल गोळे तरंगत होते. कुठं दोन, कुठं चार, कुठं तर नुसता सडा. "हे पितर," महाराज सांगत. "हा मोठा गोळा तुझा आजा. हा बारका तुझा मावसा, त्याला अजून गती मिळालेली नाही, एक अभिषेक करावा लागेल." जयवंताबाई नावाच्या एका म्हातारीच्या खांद्याशी एकच गोळा निघाला होता. तिचा तरणा लेक दोन वर्षांपूर्वी विहिरीत बुडून गेला होता. महाराज नुसतं म्हणाले, "आलाय बघ तुझा लेक." म्हातारीनं तो फोटो गालाला लावला आणि अशी रडली की पुरुषांनीही डोळे पुसले.

बायकांच्या बाजूला, खांबाला पाठ लावून बसलेल्या शकुंतलाचे डोळे मात्र कोरडे होते. ती सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. ती दर्शनाला आली नव्हती. ज्या माणसानं आपल्या बहिणीचं वाटोळं केलं तो दिसतो कसा, बोलतो कसा, ते पाहायला ती बसनं इतक्या लांब आली होती. आणि खरं सांगायचं तर त्याचा गळा केवढा आहे, आपल्या दोन हातांत मावेल का, हेही ती पाहत होती.

तिची थोरली बहीण कुसुम रामाकोन्याला राहायची. नवरा गेल्यावरही ती गाव सोडून गेली नाही. बगीच्यात संत्री निवडायची, पेट्या भरायची, सडकेच्या कोपऱ्यावरच्या स्वतःच्या घरात ताठ मानेनं राहायची. तो कोपरा तिच्या चुलत दिराच्या, गुणवंताच्या डोळ्यांत सलत होता. सडकेला लागून जागा, तिथं दुकान टाकलं तर काय चालेल! त्यानं वहिनीला मागून पाहिलं, दटावून पाहिलं. ती म्हणाली, "मी मेल्यावर ये." मग गुणवंतानं छायानंद महाराजांना गावात बोलावलं. हा गुणवंता विहारात पहिल्या रांगेत बसणारा, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असणारा. पण जागेचा लोभ सुटला की पाठांतर कामाला येत नाही.

महाराजांनी संध्याकाळी वस्तीतल्या सगळ्यांचे अंगणात उभं करून फोटो काढले. आठवड्यानं ते आले. सगळ्यांचे फोटो साधे होते. एकट्या कुसुमच्या फोटोत, खांद्यापासून पोटापर्यंत, पांढराशुभ्र, जाडजूड, पीळ पडलेला वेटोळा होता. अंगावर खवल्यांसारखी नक्षी. दोरा नव्हता, धूर नव्हता, साडीचा पदर नव्हता. फोटो काढताना तिथं काहीच नव्हतं, हे तर साऱ्या वस्तीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं.

"पांढरी नागीण!" महाराज ओरडले होते. "या बाईत नागीण आहे. तुमची जनावरं हीच खाते, संत्र्याचा बहार हीच गाळते. हिच्या केसांत तिचं बीळ आहे. केस उतरवा!"

त्या वर्षी संत्र्याची फळगळ झालीच होती. लोकांना कारण हवं होतं, ते मिळालं. भर दुपारी चार जणांनी कुसुमला तिच्याच अंगणात पाडलं आणि विळ्यानं तिचे केस कापले. कापले म्हणणंसुद्धा सभ्यपणाचं झालं. खरवडले. डोक्याला जखमा झाल्या. भांडी रस्त्यावर फेकली. दुसऱ्या दिवशी बगीच्यातल्या बायकांनी तिनं हात लावलेली संत्री वेगळी काढून गुरांपुढं टाकली.

शकुंतला तिला सौंसरला घेऊन आली. तेव्हापासून कुसुम डोक्यावरून पदर खाली येऊ देत नव्हती. दारात जायची नाही, आरशापुढं जायची नाही. ठाण्यात जाऊ म्हटलं तर एकच वाक्य.

"शकू, फोटोत दिसते ना व? मंग लोकाईले काय म्हनू?"

हाच तर खिळा होता. थोतांड आहे, लबाडी आहे, असं शकुंतला दिवसातून दहादा म्हणायची. पण फोटोत दिसतंय ते नेमकं काय, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. विज्ञानाच्या बाईजवळ! त्या रागानं तिला झोप लागायची नाही. तिला न्याय हवा होता असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं होईल. तिला सूड हवा होता. त्या जटा कापायच्या, त्याच विळ्यानं, आणि तेही चारचौघांत. हे चित्र ती रोज मनात रंगवायची आणि रोज थोडं आणखी गडद करायची.

उत्तर मिळालं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात.

चित्रकलेचे मोरेश्वर मास्तर त्या दिवशी कॉलर ताठ करून फिरत होते. त्यांच्या धाकट्या भावानं मस्कतहून कॅमेरा पाठवला होता. थेट महाराजांच्या यंत्राचा जुळा भाऊच. "काही करा लागत नाही बाई," ते म्हणाले. "नेम धरा अन् दाबा. फोकस तोच करते, लाइट तोच मारते. बकरीच्या पायाखाली ठेवला तरी फोटो चांगलाच येईन." नाटकाचे फोटो त्यांनी काढले. बक्षीस समारंभात त्यांना स्वतःला बक्षीस घ्यायचं होतं, म्हणून तेवढे फोटो काढायला त्यांनी कॅमेरा शकुंतलाच्या हातात दिला.

रीळ धुऊन आली तेव्हा मास्तर धावत विज्ञानाच्या खोलीत शिरले. चेहरा पांढराफटक.

"बाई, गजब झाला! हेडमास्तरले नागीण लागली!"

फोटोत हेडमास्तर बक्षीस देत होते आणि त्यांच्या पोटावर तोच वेटोळा पसरला होता. तीच खवल्यांची नक्षी, तोच पीळ. शकुंतलानं फोटो खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिला. मग ती खाली बसली आणि सगळे फोटो टेबलावर मांडले.

"मास्तर, नाटकाच्या फोटोत कुठं दिसते का?"

"नाही जी. बक्षिसाच्याच दोन फोटोत आहे."

"म्हणजे मी काढलेल्या. कॅमेरा तोच, हॉल तोच, रीळ तीच. हात तेवढा बदलला. तुम्ही कॅमेरा कसा धरता, दाखवा."

मास्तरांनी कॅमेऱ्याला लावलेल्या दोरीच्या फासात मनगट घातलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. "भावानं सांगतलं, पडू नाही म्हनून दोरी हातात घालाची."

शकुंतलाला आठवलं. तिच्या बांगड्यांत ती दोरी अडकत होती, म्हणून तिनं ती मोकळीच सोडली होती. तिनं कॅमेरा घेतला, वरच्या बारक्या खिडकीतून पाहिलं. समोरची भिंत स्वच्छ दिसत होती. मग तिनं दुसऱ्या हातानं ती काळी विणलेली दोरी धरून कॅमेऱ्याच्या भिंगापुढं आणली. खिडकीतून भिंत तशीच स्वच्छ.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "आपण पाहतो ते या खिडकीतून. कॅमेरा पाहतो तो खालच्या भिंगातून. दोन्ही वेगळे डोळे आहेत हो!"

"पन बाई, दोरी तर काळी हाय. नागीन पांढरी."

तेही खरं होतं. त्या आठवड्यात तिनं मास्तरांकडून रिळा मागून घेतल्या आणि घर, शाळा, अंगण एक केलं. दोरी भिंगापुढं धरून उन्हात फोटो काढला, तर दोरी काळपट डाग होऊन आली. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून काढला, तर तीच काळी दोरी पांढरीफट. फ्लॅश भिंगाच्या शेजारीच; भिंगाच्या तोंडाशी असलेल्या वस्तूवर त्याचा उजेड असा आदळतो की काळं काळं राहत नाही. आणि इतकं जवळचं त्या भिंगाला नीट पाहताही येत नाही, म्हणून ती फुगून, पसरून, मनगटाएवढी जाड होऊन येते. विणीची नक्षी तेवढी पुसट उरते. तिलाच लोक खवले म्हणाले होते. मग तिनं फळा पुसायचं डस्टर हवेत झटकून फोटो काढला, तर खडूच्या धुळीचा कण न् कण गोळा होऊन चमकला. मोरेश्वर मास्तरांच्या डोक्याभोवती इतके पितर जमले की बिचाऱ्यांचं अख्खं खानदान मोजलं असतं तरी कमी पडलं असतं.

कॅमेरा काही वाईट नव्हता. कधी हातात कॅमेरा न धरलेल्या माणसालाही तो अंधारात रेखीव फोटो देत होता, हा त्याचा मोठा गुण. पण खोलीच्या पलीकडच्या टोकाला त्याची वीज पोचत नव्हती, आणि अगदी नाकाशी आलेलं त्याला ओळखू येत नव्हतं. ज्याला यंत्राच्या मर्यादा ठाऊक असतात त्याच्या हाती ते यंत्र असतं; ज्याला नसतात त्याच्यापुढं ते देव होऊन बसतं.

रीळ धुऊन आली त्या दिवशी शकुंतला आधी हसली, मग तोंडात पदर कोंबून रडली. एक दोरी! वीतभर काळी दोरी, आणि तिच्यापायी ताईच्या डोक्यावर विळा फिरला. रडणं थांबल्यावर तिनं पुढच्या गुरुवारची बस धरली, मास्तरांचा कॅमेरा पिशवीत घालून.

या वेळी ती भक्त होऊन गेली. जिनिंगमध्ये आता गुणवंता सेवेकरी झाला होता. तिला पाहून त्याचे डोळे लुकलुकले.

"या बाई, या! मी म्हनलोच होतो, शिकेल मानसाले बी येक दिवस पटते. महाराज, ह्या त्या नागिनीच्या बहीन."

शकुंतलानं खाली वाकून नमस्कार केला. वाकताना दात इतके आवळले की कानशिलं दुखली. "महाराज, ताईची बाधा उतरवायची आहे. घरी रोज पूजेला तुमचा फोटो पाहिजे. माझ्या साध्या कॅमेऱ्यानं एक काढू द्या."

महाराजांनी कॅमेरा पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. पण शाळेतली बाई सगळ्यांसमोर पायांवर डोकं ठेवते आहे, ही चैन सोडवेना. "काढ," ते म्हणाले आणि हात आशीर्वादाला उंचावून बसले.

शकुंतलानं दोरी मोकळी सोडली. लख्ख! मग भगवंतरावांचा एक काढला. "तुमचाही काढते गुणवंताभाऊ," असं गोड बोलून त्याचाही. त्यानं केस नीट केले, छाती फुगवली. लख्ख!

त्यानंतर ती बसून महाराजांचा हात पाहत राहिली, फक्त हात. चारचौघांचे फोटो काढताना दोरी मनगटात असायची. मग एका खेड्यातली सासू आपल्या सुनेला पुढं ढकलत आली. तिनं आधी महाराजांच्या चेल्याच्या कानात काही सांगितलं होतं. महाराजांनी अंगठ्यानं दोरी मनगटावरून हळूच उतरवली आणि भिंगापुढं लोंबू दिली. म्हणजे चूक नव्हती ती. या माणसाला सगळं ठाऊक होतं. तोवर शकुंतलाच्या मनात त्याच्याविषयी कुठं कणभर संशयाचा फायदा शिल्लक असेल, तर तो तिथं संपला.

पुढच्या गुरुवारी ती आली ती एकटी नव्हती. मोरेश्वर मास्तर होते, आणि डोक्यावरून पदर घेतलेली कुसुम. ती महामुश्किलीनं तयार झाली होती आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत भिंतीकडं तोंड करून बसली. रामाकोन्याचीही बरीच मंडळी आली होती. गुणवंतानं मुद्दाम जीप भरून आणली होती, बाधा उतरताना पाहायला.

शकुंतला पुढं झाली. हातात एक फोटो होता. त्यावर कागद चिकटवून माणूस सगळाच झाकला होता. उघडा होता तो फक्त पांढरा वेटोळा.

"महाराज, घरच्याच कॅमेऱ्यात हे आलं. काय आहे ते सांगा."

क्षणभर महाराजांचे डोळे बारीक झाले. ही नागीण आपण सोडलेली नव्हती. पण बाई कुसुमची बहीण, फोटो कुसुमचाच असणार. आयतीच आली आहे तर सोडायची कशाला? "माणूस झाकला का?"

"लाज वाटते महाराज."

"वाटणारच!" महाराज उभे राहिले. "भक्तहो, पाहा! माझ्या यंत्रात दिसलं ते हिच्या घरच्या यंत्रातही दिसलं. आता तरी पटलं? ही नागीण पोसलेली आहे, पोसलेली! हे माणूस लेकरं खातं. हे माणूस ज्या घरात पाय ठेवेल ते घर उजाड होईल. याच्या तोंडात गोड आणि पोटात जहर!"

"नक्की ना महाराज? दुसरं कुणी असू शकत नाही?"

"छायानंदाचा शब्द आहे! या माणसाचे केस उतरवा, तोंडाला काळं फासा आणि गावाबाहेर हाकला!"

"हाकला! हाकला!" रामाकोन्याची मंडळी ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज गुणवंताचा.

शकुंतलानं कागद ओढून काढला आणि फोटो भगवंतरावांच्या हातात दिला. "भाऊ, कोण आहे ते मोठ्यानं सांगा."

भगवंतरावांनी फोटो डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हे तं... हे तं महाराजच होय!"

फोटो हातोहात फिरू लागला. आशीर्वादाचा हात उंचावलेला, आणि गळ्यापासून मांडीपर्यंत पांढरी नागीण पसरलेली. "आणि हा गुणवंताभाऊंचा," शकुंतला म्हणाली. "केस नीट करून बसले होते बघा. हा तुमचा, भाऊ. हा आमच्या हेडमास्तरांचा. ही आमच्या गल्लीतली म्हैस, हिनं कुणाचं लेकरू खाल्लं ते महाराज सांगतील!"

पहिलं हसू मागच्या ढिगावरून फुटलं. महाराज "करणी! करणी केली या बाईनं!" म्हणून किंचाळले, पण शकुंतलानं मास्तरांचा कॅमेरा भगवंतरावांच्या डोळ्याला लावला होता.

"भाऊ, या खिडकीतून पाहा. दोरी दिसते का?"

"नाही जी."

"आणि तुम्ही सगळे, भिंगासमोर काय लोंबतंय?"

"दोरी!" शेड दणाणलं. मघाशी "हाकला" म्हणणारेच आवाज होते ते.

तिनं सांगितलं. खिडकी वेगळी, भिंग वेगळं. काळं पांढरं कसं होतं. जवळचं फुगतं कसं. वर्गात सांगते तसं, दोनदा. मास्तरांनी उन्हातला काळा डाग आणि अंधारातली पांढरी नागीण, दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून दाखवले.

"मंग पितर?" कुणीतरी विचारलं. "आमच्या फोटोतले गोळे?"

"शेडाचं दार लावा."

अंधार झाल्यावर तिनं बॅटरीचा झोत हवेत सोडला. त्या झोतात कापसाचे तंतू, किटीचे, म्हणजे वाळक्या पानांच्या चुऱ्याचे कण असे गर्दीनं तरंगत होते की पलीकडचा माणूस धूसर दिसत होता. पांढुर्ण्याची माणसं जन्मभर याच हवेत श्वास घेत होती, त्यांच्या नाकात, केसांत, भाकरीवर हा कापूस बसत होता; म्हणूनच कुणाला तो दिसत नव्हता. "हे कॅमेऱ्याच्या तोंडाशी आलं आणि त्यावर वीज पडली की गोळा होतो. बाहेर मोकळ्या शिवारात फोटो काढा, एकही पितर येणार नाही. महाराजांनी हेच शेड काहून निवडलं? भगवंतराव, तुमच्या पुण्याईसाठी नाही निवडलं."

तेवढ्यात जयवंताबाई उठली. हातात फोटो तसाच होता, आता कडा मऊ झालेला.

"बाई, मंग हा माहा लेक नोहे?"

शकुंतला म्हातारीजवळ गेली, तिचा हात धरला आणि "नाही माय" म्हणाली. म्हातारीनं फोटोकडं पाहिलं, हवेतल्या कापसाकडं पाहिलं, आणि मग तो फोटो घेऊन सरळ महाराजांपुढं जाऊन त्यांच्या तोंडावर थुंकली.

मग मात्र आवरणं कठीण झालं. चेला मागच्या दारानं पसार झाला. महाराजांना चौघांनी धरलं. कुणी कॅमेऱ्याची उशी लाथेनं उडवली. "यानंच सांगतलं ना? केस उतरवा! काळं फासा!" कुणीतरी कापसाच्या गाठींच्या पट्ट्या कापायची मोठी कात्री आणली. रामाकोन्याची मंडळी सर्वांत पुढं. गुणवंतानं तर स्वतः महाराजांच्या जटा मुठीत धरल्या होत्या आणि तो बोंबलत होता, "आमाले फसवलं यानं! आमच्या वयनीवर जुलूम केला!"

शकुंतला जागची हलली नाही. तिनं रोज रंगवलेलं चित्र समोर उभं होतं, कात्रीसकट. कापा, तिच्या मनात आलं, मुळापासून कापा. तिला ते पाहायचं होतं.

"थांबा."

आवाज मोठा नव्हता. बायकांच्या शेवटच्या रांगेतून कुसुम उठून आली. मधोमध आल्यावर तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. कुठं बोटभर केस, कुठं नुसता जखमेचा व्रण. किती महिन्यांनी तिचं डोकं उजेडात आलं होतं.

"याचे केस कापू नोका," ती म्हणाली. "याचे केस कापले का तुमी मोकळे व्हान. घरी जाऊन म्हनान, चोराले धरलं. यानं फोटो काढला, खोटं बोलला, त्याचं तो भोगन. पन माहे केस यानं नाही कापले."

ती गुणवंताकडं वळली.

"इळा तू आनला, भाऊ. महाराजाले तवा गाव सोडून दिवस झाला होता. पाय धरले ते पांडुरंगानं. त्याची लेक माह्या मांडीवर वाढली. हात धरले ते लक्षुमननं. तोंडावर गुडघा ठेवला तो तुह्या पोरानं." मग ती बायकांकडं फिरली. "अन् माही संत्री ढोराईले टाकली ते तुमी. माह्या हातानं भरलेल्या पेट्या तं नागपूरच्या लोकाईनं खाल्ल्या, कोनी मेलं नाही."

गुणवंताच्या मुठीतून जटा सुटल्या. "वयनी, चुकी झाली. फोटोत दिसत होतं ना... कोनालेबी वाटलं असतं..."

"तुले फोटोत जागा दिसली. मी नाही माफ करत." कुसुम शकुंतलाला म्हणाली, "चाल शकू. ठान्यात जाऊ. नावं सांगाची हायेत."

शकुंतलाला त्या क्षणी लाज वाटली, आणि अभिमानही. इतके दिवस ती एका जटावाल्याच्या गळ्यावर डोळा ठेवून होती. ताईनं मात्र पूर्ण हिशेब मनात ठेवला होता, आणि ताईचा सूड तिच्या सूडापेक्षा कितीतरी लांब पोचणारा होता.

तक्रार झाली. महाराजांविरुद्ध तर झालीच, चौघांविरुद्धही झाली, नावानिशी. गावातली शहाणी मंडळी सौंसरला येऊन बसली, झालं गेलं विसरून जा म्हणाली. कुसुमनं त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. ती रामाकोन्याला आपल्या घरात राहायला गेली. उघड्या डोक्यानं बगीच्यात जाऊ लागली. जी बाई तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नव्हती तिच्याच शेजारी ती मुद्दाम बसायची.

वाचकहो, फोटो खोटा नव्हता, हे लक्षात ठेवा. दोरी खरी होती, कापूस खरा होता, कॅमेरा तर चांगलाच होता. खोटा होता तो फोटोचा अर्थ सांगणारा माणूस. उद्या याहून भारी यंत्रं येतील आणि त्यांना हार घालणारे याहून भारी महाराजही येतील. तेव्हा फोटोत काय दिसतं हे विचारण्याआधी तो कुणी काढला, कुठं काढला, आणि त्यात जे दिसतं ते दिसल्यानं कुणाचं फावतं, एवढं विचारा. तेवढं विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. आणि विचारायचं नसेल तर निदान हात खिशात ठेवा. कारण महाराज पांढुर्ण्याच्या ठेसनावरून पुढची गाडी धरून निघून जातो. विळा धरलेले हात मात्र गावातच राहतात, आणि ते तुमचे असतात.